बावीस-तीस

रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ३०. रुपयाच्या नाण्याइतका रुंद, दहाच्या नाण्याहून नखभर लांब. वजन तीन ग्रॅमच्या आतबाहेर. एका टोकाला सोनेरी दातांची रांग आणि त्या रांगेत एक खाच. दुसऱ्या टोकाला स्क्रू अडकावा म्हणून अर्धगोल कापलेली कड. मधल्या पट्टीवर दोन काळे चौकोन. मोठ्यात सगळा साठा, लहानात त्या साठ्याचा हिशेब. वरून कंपनीचं स्टिकर लावलं की अंगावर मोकळी जागा उरत नाही. नावही स्वतःचं असं नाही. कागदोपत्री 'एम डॉट टू २२३० एनव्हीएमई एसएसडी', दुकानात नुसता 'बावीस-तीस'. माप हेच नाव.

हा गडी राहतो हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्रांच्या पोटात. स्टीम डेक, आरओजी अ‍ॅलाय आणि त्यांच्या मागोमाग आलेली मंडळी. आत अख्खा कॉम्प्युटर, मधे सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. पोट्टे त्याला 'हँडहेल्ड' म्हणतात. या यंत्राचा पडदा बदलायचा तर डोक्याला ताप, रॅम बोर्डाला डकवलेली, प्रोसेसरचं तर नावच काढू नका. यंत्राची ताकद ज्यांच्यावर ठरते त्यांच्यातला सुटून मालकाच्या हातात येणारा अवयव हा एकच. बाकीचं यंत्र कंपनीनं जसं दिलं तसं वापरायचं. हा मात्र आपण निवडायचा. आणि निवडताना बहुतेक जण त्याच्या अंगावरचा आकडा तेवढा वाचतात, स्वभाव कुणी पाहत नाही. तो पाहण्यासारखा आहे.

साठवणीच्या बाबतीत आमच्या वर्धा जिल्ह्याचा अनुभव तसा दांडगा. हिंगणघाटला कापसाच्या गाठी रचल्या जातात. पुलगावला देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा आगारांपैकी एक आहे. आणि या दोहोंच्या मधे सेवाग्रामात अशा माणसाची कुटी आहे, ज्यानं आश्रमाच्या एकादश व्रतांमध्ये अपरिग्रह घातला. बावीस-तीसला यातले पहिले दोघे कळतात. तिसऱ्याशी त्याचं जमायचं नाही.

त्याचं खानदान फार मोठं नाही. पट्टीचं हे माप आधी ओळखलं जायचं ते लॅपटॉपमधल्या वाय-फाय कार्डाचं म्हणून. डेटा ठेवायचं मानाचं काम थोरल्याकडे, म्हणजे २२८० कडे; रुंदी तीच, लांबी ८० मिलिमीटर. घरच्या कॉम्प्युटरमध्ये, धट्ट्याकट्ट्या लॅपटॉपमध्ये आजही तोच असतो. पण यंत्रं पातळ होत गेली आणि जागेची मारामार सुरू झाली, तेव्हा धाकट्याला बोलावणं आलं. मायक्रोसॉफ्टच्या २०१९ च्या सरफेस लॅपटॉप ३ आणि सरफेस प्रो एक्समध्ये तो बसला, काही पातळ लॅपटॉपांत बसला. तरीही बाजारात त्याला किंमत नव्हती. कारखाने तो थेट कॉम्प्युटर कंपन्यांना गठ्ठ्यानं विकायचे. दुकानाच्या काचेत त्याला जागाच नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक आला आणि त्याचे दिवस पालटले. डेक तीन प्रकारांत आला: ६४ जीबी, २५६ जीबी आणि ५१२ जीबी. वरच्या दोन्हींत खरा बावीस-तीस. सर्वांत स्वस्तात मात्र ईएमएमसी होती; म्हणजे साध्या मोबाइलमध्ये किंवा स्वस्त लॅपटॉपमध्ये असते ती संथ, गरीब मेमरी. पण व्हॉल्व्हनं एक बरं केलं. ती ईएमएमसी बोर्डाला न डकवता बावीस-तीसच्याच मापाच्या पट्टीवर बसवली आणि त्याच्याच खोबणीत खोचली. म्हणजे गरिबाघरी दिली खरी, पण दार उघडं ठेवलं. लोकांनी ते दार पहिल्या दिवसापासून ओळखलं. स्वस्तातला डेक घ्यायचा आणि ड्राइव्ह आपण टाकायचा. परदेशात तर जुन्या सरफेसमधून काढलेले बावीस-तीस विकले जाऊ लागले. मागणी बघून कंपन्यांना जाग आली. २०२३ मध्ये सॅब्रेंट, कोर्सेअर, वेस्टर्न डिजिटल अशा नावांनी तो डब्यात बंद होऊन, वॉरंटीसकट दुकानात आला. त्याच वर्षी आसूसचा आरओजी अ‍ॅलायही आला. तो जुलै २०२३ मध्ये भारतात रीतसर विकला जाऊ लागला, ६९,९९० रुपयांना. त्याच्याही पोटात ५१२ जीबीचा बावीस-तीसच.

डेकचं तसं नाही. व्हॉल्व्हनं तो भारतात रीतसर विकलेला नाही. वर्ध्यात जो दिसतो तो कुणाच्या तरी बॅगेतून आलेला, नाहीतर आयातवाल्या दुकानदारानं चढ्या भावात दिलेला. माझ्या भाच्याकडचा याच वाटेनं आला. भाचा सेवाग्रामला इंजिनिअरिंगला. कॉलेजातल्या सीनिअरला पुण्यात नोकरी लागली, त्यानं नवं यंत्र घेतलं आणि जुना ६४ जीबीचा डेक यानं पदरात पाडून घेतला. महिनाभर आनंदीआनंद. मग एका रविवारी येऊन म्हणाला, "मामा, हर बार गेम उडवा लागते. एक टाकला का दुसरा काहाडा. बावीस-तीस टाकून घेऊ का?"

त्याची अडचण खरी होती. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते, बाल्डर्स गेट ३ ला तितकीच. ६४ मधून सिस्टिमनं आपला वाटा उचलला की उरतं काय? त्यावर तोडगा म्हणून पोरं मायक्रोएसडी कार्ड टाकतात आणि गेम तिकडे ठेवतात. पण डेकची एक खोड आहे. गेम कार्डावर ठेवला तरी त्याचे शेडर आणि इतर किडूकमिडूक आतल्या ड्राइव्हवरच साठत जातं. वापरणारा म्हणतो, मी तर आत काहीच ठेवलं नाही. आणि पडद्यावर 'इतर' नावाचा रकाना फुगत जातो. ईएमएमसी बिचारी काही बोलत नाही, नुसती भरत राहते.

आम्ही सोशालिस्ट चौकाकडच्या एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानातला पोरगा हुशार, पण त्यानं हात झटकले. "काका, हे माप इथं नाही भेटत. बर्डीवरून आणा लागन, नाही तं ऑनलाइन. आणलं का मी बसवून देतो." नागपूरच्या सीताबर्डीकडे त्यानं बोट दाखवलं, त्यात नवल नाही. वर्ध्याच्या बाजारात जे मिळत नाही ते बर्डीला मिळतं, हा आमच्याकडे पिढ्यांचा विश्वास आहे. पण तिथंही काचेत सगळे थोरले २२८० च. शेवटी ऑनलाइनच मागवला. १ टीबीचा, बिलासकट.

आता त्याची बसवणी, कारण ती मी जवळून पाहिली. यंत्र उघडण्याआधी बायॉसमध्ये जाऊन बॅटरी 'स्टोरेज मोड'ला टाकायची, म्हणजे ती झोपते. मग दुकानातल्या त्या पोरानं यंत्र पालथं घातलं आणि पेचकस उचलता उचलता थांबला. "कार्ड काहाडलं का?" भाच्यानं जीभ चावली. मायक्रोएसडी खाचेतच होतं. ते आत ठेवून मागचं झाकण ओढलं तर कार्डाचे दोन तुकडे होतात. असे तुकडे झालेले फोटो जगभरातल्या हौशी लोकांनी काढून ठेवले आहेत. कार्ड निघालं. मग आठ स्क्रू: चार लांब, चार आखूड. पोरानं ते कागदावर यंत्राचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी मांडले. ही त्याची पद्धत मला फार आवडली. हे स्क्रू प्लास्टिकमध्येच आटे पाडून बसतात. चारदा खोलझाप केली की आटे मरतात. व्हॉल्व्हनं नोव्हेंबर २०२३ च्या ओएलईडी डेकमध्ये ही चूक सुधारली, तिथे स्क्रूही वेगळे आणि ते बसायला धातूचे आटे.

झाकणाच्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली, एकेक अडकण सुटत गेली. आत एक पत्र्याचं कवच. त्याला तीन स्क्रू, त्यातला एक चंदेरी पट्टीखाली लपलेला. न बघता ओढणाऱ्याची फजिती इथेच होते. कवच निघालं की आधी बॅटरीची तार सोडवायची, बाकी सगळं नंतर. मग एकुलता एक स्क्रू काढला आणि जुनी पट्टी टुणकन वर आली, तिरपी उभी राहिली. स्क्रू नसला की ही पट्टी कधीच आडवी राहत नाही. खोबणीतल्या स्प्रिंगा तिला उचलून धरतात. तिच्या अंगावर धातूचं एक पातळ आवरण असतं. ते काढून नव्या बावीस-तीसच्या अंगावर चढवायचं असतं. भोवती वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे. त्यांच्या आणि याच्या विजेच्या कुरबुरी एकमेकांना लागू नयेत म्हणून. नवा गडी तिरपा खोचला, बोटानं दाबून धरला, स्क्रू फिरवला. खाच बरोबर जागी असल्यामुळे तो उलटा बसूच शकत नाही. त्याला डोळे झाकून बसवलं तरी तो चुकीच्या जागी जायला नकार देतो.

ईएमएमसीची ती जुनी पट्टी काउंटरवर पडली होती. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. खरं तर तिनं काही वाईट केलं नव्हतं. लहान गेम ती बऱ्यापैकी चालवायची आणि वीज कमी खायची. तिचा खरा दोष, की पोट लहान. तिच्या बहिणी स्वस्त यंत्रांमध्ये बोर्डालाच डकवलेल्या असतात आणि यंत्रासोबतच जातात. हिला निदान सुटता आलं.

बावीस-तीसचा स्वभाव आता ओळखीचा होऊ लागला. पहिली गोष्ट म्हणजे तो वेगाच्या बाबतीत बढाईखोर आहे. डब्यावर छापलेलं असतं, सेकंदाला ५,१५० एमबी. ते खोटं नाही, पण डेकची खोबणी तिसऱ्या पिढीची. तिथून सेकंदाला साडेतीन हजाराच्या आसपासच माल जातो. अ‍ॅलायची खोबणी चौथ्या पिढीची, तिथे तो मोकळा धावतो. आणि खेळणाऱ्याला यातला फरक दिसतो का? माझ्या डोळ्यांना तरी दिसला नाही. गेम उघडायला लागणारा वेळ हा बराचसा प्रोसेसरचा असतो. सगळं श्रेय किंवा सगळा दोष साठवणीला देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट. तो सुरुवातीला फार जोरात काम करतो आणि नंतर दमतो. मोठ्या काळ्या चौकोनात कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येकात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले. फुजिओ मासुओका या जपानी इंजिनिअरनं तोशिबात असताना १९८० च्या दशकात ही फ्लॅश मेमरी शोधली, तिचीच ही आजची पिढी. एका कप्प्यात तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, त्याला टीएलसी म्हणतात. चार ठेवायचे तर सोळा, ती क्यूएलसी. पातळ्या वाढल्या की जागा स्वस्त होते, पण लिहायचा वेग आणि आयुष्य घटतं. ही उणीव झाकायला तो काही कप्पे मोकळे ठेवतो आणि त्यांत एकेकच बिट टाकून पटापट लिहून घेतो. पाच-दहा जीबीची फाइल टाका, वारं. दीडशे जीबीचा गेम एका दमात कॉपी करायला लावा, ती मोकळी जागा संपते आणि गडी चालायला लागतो. ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलेला असेल तर त्याहून लवकर. म्हणून थोडी जागा कायम रिकामी ठेवावी. अपरिग्रह थोडातरी पाळावाच लागतो तो असा.

तिसरी गोष्ट, तो शेजाऱ्याकडून उसनं घेतो. थोरल्या २२८० पैकी महागड्यांच्या अंगावर स्वतःची छोटी रॅम असते, कुठला माल कुठे ठेवला याची यादी ठेवायला. याच्या अंगावर जागाच नाही. मग तो यंत्राच्याच रॅममधला थोडा तुकडा मागून घेतो, काही मोजके एमबी, आणि त्यावर काम भागवतो. यंत्रात १६ जीबी रॅम असते, त्यातून एवढं दिलं तर कुणाचं काही अडत नाही.

आणि चौथी, आमच्या जिल्ह्यात सर्वांत महत्त्वाची: त्याला ऊन सोसत नाही. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्व्हनं जाहीर सांगितलं होतं, की डेक शून्य ते ३५ अंश तापमानात सगळ्यात चांगला चालतो. त्यापुढे गेलं तर स्वतःला जपायला तो वेग कमी करतो. पस्तीस! वर्ध्यात पस्तीस म्हणजे मार्चमधली सुखाची दुपार. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि नवतपात तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. यंत्राच्या आत बावीस-तीस प्रोसेसर आणि चार्जिंगच्या चिपांच्या शेजारी, कवचाखाली दाबून बसलेला. तापला की तोही आधी वेग कमी करतो. म्हणून भर दुपारी खेळताना गेम अडखळला तर लगेच 'ड्राइव्ह खराब आला' म्हणून ओरडू नये. भाचा कूलरसमोर बसून खेळायचा, ते मी बंद करवलं. कूलरची हवा गार असते पण ओली असते, आणि ती पंख्यानं आत ओढून घ्यायला हे यंत्र म्हणजे काही वाळ्याचा पडदा नाही.

यावरून थोरल्या भावंडांची गोष्ट. डेक नवा असताना काही हौशी लोकांनी जुगाड केलं आणि ४२ मिलिमीटर लांबीचा २२४२ त्यात कोंबला. बसला, पण आतले थर्मल पॅड हलले. व्हॉल्व्हच्या एका डिझायनरनं तेव्हाच जाहीरपणे बजावलं होतं की असं करू नका, चार्जिंगची चिप तशीही तापते, ती उष्णता बाहेर जायची वाट बंद होते आणि यंत्राचं आयुष्य घटतं. पुढे लेनोव्होनं लीजन गोमध्ये २२४२ ला रीतसर जागा दिली आणि आसूसनं २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये थेट २२८० ला. म्हणजे ज्या लहान अंगामुळे बावीस-तीसला हे घर मिळालं, त्या घराच्या खोल्या वाढल्या की थोरले परत यायला लागले. थोरला स्वस्तही मिळतो आणि बर्डीच्या काचेतही असतो. बावीस-तीसची चलती किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

मायक्रोएसडी हे या घराण्यातलं सगळ्यांत फिरतं माणूस. १५ बाय ११ मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटर. आमच्याकडे तिला कार्ड कमी आणि 'चिप' जास्त म्हणत. २०१० च्या आगेमागे वर्ध्यात, आर्वीत, हिंगणघाटात मोबाइलच्या दुकानांवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी सर्रास दिसे. बाजाराला आलेला माणूस फवारणीचं औषध घ्यायचा, पोरांसाठी चिवडा घ्यायचा आणि जाता जाता चिप भरून न्यायचा. गाणी, तमाशे, एखादा सिनेमा. दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे गावोगावचं ग्रंथालय होतं, कायद्याच्या दृष्टीनं चोरीचं, पण ग्रंथालयच. त्याच काउंटरवर आज बावीस-तीस बसवून मिळतो. स्वस्त इंटरनेट आल्यावर पाटी गेली, चिप मात्र राहिली. आता ती हँडहेल्डच्या खाचेत असते आणि तिच्यावर लहान गेम असतात. ती बहुधा सेकंदाला शंभरेक एमबीच्या पुढे जात नाही आणि जुन्या, साध्या गेमना तेवढं पुरतं. निन्टेन्डोनं जून २०२५ च्या स्विच २ साठी मात्र साधी चिप नाकारली. तिथे 'एक्सप्रेस' जातीचीच लागते.

चिपेचा मोठा दोष म्हणजे तिच्या नावावर खपणारे तोतये. '१ टीबी' छापलेलं चारशे रुपयांचं कार्ड घेतलं तर ते कॉम्प्युटरला १ टीबीच सांगतं. आतल्या कंट्रोलरला तसं पढवून ठेवलेलं असतं. खरी जागा संपली की त्यापुढचा माल गायब, किंवा जुन्यावरच नवा लिहिला जातो. 'एच टू टेस्ट डब्ल्यू' नावाचा छोटा फुकट प्रोग्राम ते पूर्ण भरून, परत वाचून सत्य बाहेर काढतो. वेळ लागतो, पण चारशे रुपये आणि वर्षभराचे फोटो वाचतात. जुने गेम खेळायच्या स्वस्त चिनी यंत्रांसोबत फुकट येणाऱ्या कार्डावरही विश्वास ठेवू नये. आलं त्या दिवशी चांगल्या कार्डावर नक्कल करून घ्यावी.

बावीस-तीस या बाबतीत सज्जन. त्याला वय विचारता येतं. 'क्रिस्टल डिस्क इन्फो'सारख्या प्रोग्राममधून तो किती तास चालला, आजवर त्याच्यावर किती लिहिलं गेलं, तब्येत किती टक्के उरली, हे निमूटपणे सांगतो. सेकंड-हँड घेताना हाच कागद बघायचा. चांगल्या १ टीबी टीएलसी ड्राइव्हला कंपनी ६०० टीबी लिखाणाची हमी देते. रोज १०० जीबी लिहिलं तरी हे सोळा वर्षं पुरतं, आणि रोज १०० जीबी लिहिणारा पोट्टा परीक्षेत पास होत नाही. झिजून मरण त्याच्या नशिबात सहसा नसतं. तो मरतो तो अचानक. जुनी हार्ड डिस्क जायच्या आधी टकटक करायची, घरघरायची, घरच्यांना वेळ द्यायची. हा काल रात्री ठणठणीत, आज सकाळी बायॉसमध्ये दिसतच नाही. छोटा काळा चौकोन गेला की मोठ्यातलं सगळं जागच्या जागी असूनही काढता येत नाही. गेम परत उतरवता येतात. वर्षभर खेळून मिळवलेलं सेव्ह कधी क्लाउडवर असतं, कधी नसतं.

बसवून झाल्यावर भाच्यानं सिस्टिम टाकली. व्हॉल्व्ह तिची रिकव्हरी प्रत फुकट देतं. ती पेनड्राइव्हवर घ्यायची आणि नव्या ड्राइव्हवर उतरवायची. अ‍ॅलायवाल्यांना एवढंही करावं लागत नाही, बायॉसमधूनच क्लाउडवरून विंडोज ओढता येतं, नेट चांगलं हवं. सुरू झाल्यावर पोराचा चेहरा उतरला. "मामा, एक टीबी म्हणून दिला अन् विंडोजवर लावून पाह्यला तं नऊशे एकतीसच दाखवते. फसवलं काय बे यायनं?"

फसवलं नव्हतं. सोनाराच्या तोळ्यासारखं आहे हे. आजीच्या तोळ्यात ११.६६ ग्रॅम सोनं असायचं, आजच्या तोळ्यात १० ग्रॅम. तोळा दोघांचाही खराच. ड्राइव्हची कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजून नाव तेच ठेवतं. म्हणून १ टीबीचे ९३१ दिसतात आणि ५१२ जीबीचे ४७६. माल जितका छापला तितकाच असतो. पोराला पटलं, पण चेहरा पूर्ण खुलला नाही. आकड्यावर जीव जडला की असंच होतं.

त्यानंतरची गोष्ट अपेक्षित होती. दोन आठवड्यांत ९३१ मधले सहाशे भरले. त्यात खेळत असलेले गेम दोन. बाकीचे सेलमध्ये घेतलेले, मित्रानं सांगितलेले, 'सुट्टीत खेळू' म्हणून उतरवलेले. ६४ जीबी होते तेव्हा तो जो गेम घ्यायचा तो संपवायचा, कारण दुसऱ्याला जागा नव्हती. मी काही बोललो नाही. माझ्या कपाटात न वाचलेली पुस्तकं आहेत, त्यामुळे या विषयावर मला तोंड नाही.

सध्या मात्र या गड्याचा भाव वाढलाय. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केली आणि सगळ्याच ड्राइव्हच्या किमती चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बावीस-तीसचं एक चांगलं घराणं त्यामुळे कमी झालं. याच मायक्रॉनचा गुजरातेत साणंदला मेमरीची जुळणी आणि तपासणी करणारा कारखाना आहे, पण त्यानं आपल्या दुकानात माल स्वस्त होईल अशी आशा ठेवायचं कारण नाही. तो माल जगाच्या भावानंच जाणार.

तेव्हा घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. यंत्रात ५१२ जीबी असतील आणि अडत नसेल, तर नुसत्या आकड्यापायी उघडू नका. शंभर-दोनशे जीबीची अस्सल चिप घ्या, लहान गेम तिच्यावर टाका. ६४ किंवा २५६ असेल तर १ टीबी घ्या, टीएलसी घ्या, चिपा एकाच बाजूला असलेला घ्या आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. २ टीबीचा बावीस-तीस घेण्याइतके पैसे जास्त झाले असतील तर त्यात एक साधी पोर्टेबल एसएसडी घेऊन सेव्ह आणि फोटोंची नक्कल ठेवा, जास्त कामाला येईल. बिल जपून ठेवा. बिलाशिवाय वॉरंटीचं कुणी ऐकत नाही. आणि बसवायचं काम पावसाळ्यानंतर करा. मे महिन्यात नको.